दातांनी पारखलेली गिटार

आमच्या गायन पार्टीच्या मालकांना वस्तू चावून बघायची खोड होती. मालक हा शब्द फक्त पार्टीपुरता. एरवी ते रेल्वेत होते, कर्जतला, बँकरवर ड्रायव्हर. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून जे इंजिन लावतात आणि जे ढकलत ढकलत तिला लोणावळ्यापर्यंत नेतं, ते बँकर. आमचा सगळा वाडा त्यांना मामा म्हणायचा, त्यांच्या वयाची माणसंसुद्धा. मीही म्हणायचो, आणि अजून म्हणतो.

चावून म्हणजे खरोखर चावून. त्यांच्या खिशात कंगव्याशेजारी वीतभर बाभळीची काठी असायची. तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं टोक वस्तूला टेकवायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. तरुणपणी ते इंजिनांच्या शेडमध्ये फिटरच्या हाताखाली होते. तिथं बेअरिंगचा आवाज असा ऐकायची रीत होती. शेड सुटली, रीत सुटली नाही. पिठाच्या गिरणीला काठी लावून ते गिरणीवाल्याला सांगत, "डाव्या अंगाची बेअरिंग चाललीय, पट्टा काढ." कधी ते खरं निघे, कधी गिरणीवाला दिवसभर गिरणी खोलून उगाच बसे आणि दळणवाल्या बायका मामांच्या नावानं बोटं मोडत. विहिरीवरचा पंप, शेजाऱ्याचं घड्याळ, आठवडे बाजारातलं कलिंगड, सगळ्याला काठी. एका बारशाला त्यांनी पाळण्याच्या कडीला काठी लावली आणि कडी बदलायला लावली, तेव्हा बाळाच्या आजीनं त्यांना पेढा न देताच वाटेला लावलं.

रेडिओवरच्या बातम्याही ते अशाच ऐकत. काठीचं एक टोक रेडिओच्या लाकडी पेटीला, दुसरं दातांत. तोंडात काठी असल्यामुळे तेवढा वेळ बोलता येत नसे. मामी म्हणायच्या, "बातम्या हायत तवर घरात शांतता हाय. मला तर लय आवडत्यात त्या."

मामांना ऐकू कमी यायचं. ही गोष्ट साऱ्या वाड्याला ठाऊक होती आणि मामांना अजिबात मान्य नव्हती. त्यांच्या मते, माणसं हल्ली हळू बोलायला लागली होती. रेल्वेच्या मेडिकलमध्ये कानांनी दगा दिला, तेव्हा त्यांना बँकरवरून उतरवून शेडच्या स्टोअरमध्ये बसवलं. त्यावर त्यांचं म्हणणं एकच, "डॉक्टरच हळू बोलत व्हता. त्याची तपासणी केली कुणी?" आम्ही हसायचो. पण इंजिनावरून उतरवलं त्या दिवशी शेडमधल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला होता, झेंडूचा हार घातला होता, आणि तो हार त्यांनी घरी आणलाच नाही. येताना उल्हास नदीच्या पुलावरून खाली टाकला. हे मामींनी मला सांगितलं. मामा स्वतः एवढंच म्हणायचे, "हार घातला की समजायचं, उतरवला."

पार्टी त्यांनीच काढलेली. आमच्याकडे जयंती म्हटलं की कोणाची हे विचारावं लागत नाही. एप्रिल उजाडला की कर्जत, खालापूर, चौक, खोपोली, जिथं जिथं आपली वस्ती, तिथं तिथं कार्यक्रम. एरवी लग्नं, नामकरणं. गाणी मामा लिहीत, चाली मामा बांधत, पेटी मामा वाजवत, फक्त गायला एक गायिका होती. घाटात ठाकुरवाडीला सिग्नलसाठी उभं राहावं लागलं की त्या वेळात चाल बांधायची, असं ते सांगत. त्यांच्या सगळ्या चाली सुरुवातीला जड आणि मग हळूहळू चढत जाणाऱ्या असत, तेव्हा सांगत ते खरंच असावं.

मी पार्टीत आलो तो कोरसात. तेव्हा मी खोपोलीच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो. पार्टीत कोणीतरी दिलेली एक जुनी गिटार पडून होती. तिच्या सहा तारांपैकी चारच उरल्या होत्या. मामांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चार तारांची म्हंजी बेस. तू बेस वाजव."

"मामा, बेसच्या तारा जाड असतात."

"मंग जाड वाजव."

माझं बेसचं शिक्षण असं सुरू झालं. पुढे नेरळच्या एका सुताराकडून मी खऱ्या बेससारखी दिसणारी एक गिटार करून घेतली, जुन्या दरवाजाच्या सागाची. दिसायला उत्तम होती. पण सुतारानं मानेवरचे पडदे, म्हणजे त्या पितळी पट्ट्या, अंदाजानं ठोकले होते. पाचव्या पडद्यापर्यंत सूर बरा लागायचा, पुढे देवाचं नाव. मी पाचव्या पडद्याच्या अलीकडेच संसार करायला शिकलो. दोन पावसाळ्यांत मानही वाकली आणि तारा इतक्या वर आल्या की दाबताना बोटं सोलून निघायची.

तक्रार केली की मामा म्हणायचे, "बेस म्हंजी बँकर रं. म्होरं कोण हाय ते लोकांना दिसतं. गाडी चढती मागच्यावर. लोणावळ्याला आमाला सोडून गाडी निघून जायाची, एक माणूस खिडकीतून मागं बघायचा नाय. ज्याला हात हालवायची हौस आसंल त्यानं बँकरवर येऊ नये."

मला हात हालवायची हौस होती, हे मी कबूल केलं पाहिजे. मुंबईचे ऑर्केस्ट्रे आमच्याकडे यायला लागले होते. त्यांचे बेसवाले गिटार गुडघ्यापर्यंत खाली सोडून उभे राहत, लाल चकचकीत, पातळ, आणि पुढच्या रांगेतल्या पोरी गायकाकडे न बघता त्यांच्याकडे बघत. निदान मला तसं वाटायचं. दिवाळीचा बोनस हातात आला आणि मी ठरवलं, आता खरी गिटार घ्यायची.

त्याच सुमारास पार्टीत दुसरंच काही शिजत होतं. आमचा ढोलकीवाला तिशीचा, हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. तो एक दिवस तालमीनंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा पेटी पळवतात. आपुन गाण्यात, मामा गाण्याच्या म्होरं. ढोलकी आयकूच जात नाय त्यांना. लोक हसतात रं." ते खरं होतं. आदल्या महिन्यात चौकच्या लग्नात मामा शेवटचं कडवं आमच्याआधी संपवून रुमालानं तोंड पुसत बसले होते. ढोलकीवाल्याचा बेत असा की येत्या जयंतीला खोपोलीच्या कार्यक्रमात मामांचा सत्कार करायचा. पार्टीचे संस्थापक म्हणून हार, शाल, श्रीफळ, आणि पुढच्या रांगेत खुर्ची. पेटीवर खोपोलीचाच एक तरुण मास्तर बसेल.

"मानानं बसवू," तो म्हणाला. सगळ्यांना पटलं. मलाही विरोध करायला तोंड नव्हतं. पण झेंडूचा हार म्हटल्यावर मला पुलाखालची नदी दिसायला लागली. मामांना इंजिनावरून उतरवलं ते परक्यांनी. इथं आम्ही उतरवणार होतो.

गिटार माथेरानला मिळाली. तिथल्या एका हॉटेलात सीझनला बँड वाजायचा. मालकानं बँड बंद करून टेपरेकॉर्डर आणला आणि बँडचा म्हातारा गोवेकर बेसवाला आपली वाद्यं विकून गावी जायला निघाला, असं कारखान्यातल्या एकानं सांगितलं. मी एकटाच जाणार होतो. मामांना कुठून कळलं कोण जाणे, सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून नेरळच्या फलाटावर हजर.

"लाकूड बघायला जानता माणूस लागतो," ते म्हणाले.

गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून लाल मातीतून चालत आम्ही हॉटेलात पोचलो तर तिथं सकाळपासून वीज नव्हती. गोवेकर म्हणाला, लाइट संध्याकाळपर्यंत येईल, नाहीतर उद्या. त्यानं दोन बेस काढून पलंगावर ठेवल्या. एक लाल, पातळ, हलकी, मान इतकी सडपातळ की माझा पंजा तिच्यासाठीच केला असावा. दुसरी तपकिरी, रुंद, धोंड्यासारखी जड, जाड मानेची. पट्ट्यानं गळ्यात घातली तर खांदा खाली यायचा आणि पहिल्या पडद्यापाशी बोटं ताणली की करंगळी रडायची. मी लाल उचलली ती खाली ठेवीचना. वीज नसल्यामुळे स्पीकरवर कुठलीच वाजवता येत नव्हती. तारा छेडल्या की नुसता माशीसारखा आवाज यायचा. पण मला आवाज कुठं घ्यायचा होता, मला लाल रंग घ्यायचा होता.

"थांब," मामा म्हणाले आणि त्यांनी खिशात हात घातला. इस्त्रीच्या शर्टाच्या गडबडीत काठी घरी राहिली होती. त्यांनी दुसरा खिसा बघितला, मग पँटीचे दोन्ही बघितले. मग ते खाली वाकले आणि लाल गिटारीच्या वरच्या शिंगाला, म्हणजे मानेशेजारी पुढे आलेल्या टोकाला, सरळ दातांनी धरलं.

"अरे बाबा, वो खाने का नहीं है!" गोवेकर ओरडला.

मामांनी मला हातानं खूण केली, वाजव. मी सगळ्यात जाड तार छेडली. मामांनी दात सोडले. "येतो न् पळतो," ते म्हणाले. "पाव्हना हाय ह्यो सूर." मग त्यांनी तपकिरी गिटारीला तोंड लावलं. गोवेकरानं कपाळाला हात लावला. मी तार छेडली, तीच, मोकळी. मामांनी डोळे मिटले. तार थांबली असं मला वाटलं तरी त्यांनी दात सोडले नाहीत. मी पुन्हा छेडली. त्यांनी हातानं ताल धरला. मी आमचं जयंतीचं नेहमीचं गाणं धरलं, पहिलं कडवं, अंतरा, दुसरं कडवं, आणि मामांचा हात मांडीवर ताल देत राहिला. एकदाही पुढे गेला नाही, मागे राहिला नाही. चौकच्या लग्नातला माणूस हाच, यावर कोणाचा विश्वास बसला नसता.

मग त्यांनी तोंड उचललं. ओठाला जुनं पॉलिश लागलं होतं. माझ्याकडे न बघता, आमच्या ओळखीत पहिल्यांदाच हळू आवाजात, ते म्हणाले, "हिचं आयकू येतं."

बस, एवढंच. इतकी वर्षं डॉक्टर हळू बोलत होता, जग हळू बोलत होतं, ढोलकी हळू वाजत होती. त्या माणसानं माथेरानच्या अंधाऱ्या खोलीत कबूल केलं की बाकीचं ऐकू येत नाही.  मी लाल गिटारीकडे बघायचं सोडलं.

"मान जाड हाय मामा, हात पुरत नाय," मी म्हणालो. शेवटचं म्हणून म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नसणार, पण मी हात ताणून दाखवत होतो ते दिसलं. "हात वाढंल. लाकूड वाढत नाय," ते म्हणाले.

गोवेकरानं तपकिरी गिटारीच्या शिंगावर बोट फिरवलं. तिथं वरच्या दोन दातांच्या खुणा उमटल्या होत्या. त्यानं इकडेतिकडे बघितलं, स्वतः वाकून शिंगाला दात टेकवले आणि तार छेडली. पुन्हा छेडली. मग म्हणाला, "बीस साल बजाया, ऐसा कभी सुना नहीं." त्यानं वरून आपला जुना चामड्याचा पट्टाही दिला. खाली येताना मामांनी गिटार चादरीत गुंडाळून स्वतःच्या खांद्यावर घेतली. माकडांकडे ते संशयानं बघत होते.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी मी ती स्पीकरला जोडली आणि नुसती घरघर. सूर नाहीच. विजेवर चालणारी वस्तू वीज नसताना पसंत करून आलेली दोन माणसं, ही बातमी दुपारपर्यंत वाडाभर झाली. ढोलकीवाला दारात येऊन म्हणाला, "बैल घेताना शेपूट बघायचं राह्यलं काय रं?" मी मनात लाल गिटारीची आठवण काढून मामांना काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही. मामा मात्र शांत. "लाकडाला काय झालं नाय," एवढंच ते बोलले आणि शेडमधल्या एका इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. त्यानं मागचं झाकण उघडलं, आत एक वायर सुटून लोंबत होती. ती त्यानं जोडली. मी तार छेडली आणि भिंतीवरच्या फडताळातली भांडी वाजायला लागली. मामींनी आतून विचारलं, गाडी आली का म्हणून.

त्यानंतर जयंतीपर्यंत मी ती गिटार रोज वाजवली. खांदा दुखायचा, करंगळीला फोड यायचे. पाचव्या पडद्याच्या पुढे पण जग आहे हे मला तेव्हा कळलं. मामा तालमीला येत आणि काठी दातांत धरून दुसरं टोक माझ्या स्पीकरच्या खोक्याला लावून बसत. पेटी तोंडासमोर, खोकं डाव्या हाताला, काठी आडवी. ढोलकीवाल्यानं हे बघितलं आणि मान फिरवली. तालमीत ते ठीक होतं. स्टेजवर, हजार माणसांसमोर, म्हातारा काठी चावत बसणार ही कल्पना त्याला सहन होईना. सत्काराचा बेत तसाच राहिला. मला एवढंच कबूल करून घेता आलं की सत्कार मध्यंतरात करायचा, आधी नाही. पहिला अर्धा कार्यक्रम मामांचा.

खोपोलीला संध्याकाळी वंदना झाली, भाषणं झाली. स्टेजच्या कडेला ताटात हार ठेवला होता, झेंडूचाच. मामांना तो दिसला. ते पेटीपुढे बसले, खोकं जवळ ओढायला लावलं, काठी काढली, दातांत धरली. पुढच्या रांगेतून हशा उठला. कोणीतरी म्हणालं, "मामा, बिडी उलटी धरलीय!" मामांना ऐकू आलं नाही. न येण्याचा एक फायदा असतोच.

पहिलं गाणं सुरू झालं.  माझा सूर सुटला तर मामांचा ताल सुटणार, मामांचा सुटला तर हार. दुसरं कोणी मला ऐकत नव्हतं, गायिकेकडे आणि ढोलकीकडेच सगळ्यांचं लक्ष. फक्त एक माणूस माझ्या सुराला दातांनी धरून होता. मामांची पेटी जड सुरू झाली, मग चढत गेली. अंतऱ्यातून परत येताना ती ढोलकीच्या थापेवर अशी येऊन बसली की ढोलकीवाल्यानं चमकून मागे बघितलं. दुसरं गाणं, तिसरं गाणं. हशा केव्हा थांबला ते कळलंच नाही. लोक टाळ्यांनी ताल धरायला लागले आणि तो ताल आमच्यापेक्षा किंचित मागे पडत होता, मामांचा मात्र नाही.

मध्यंतर झालं. खोपोलीचा पेटीमास्तर धुतलेले कपडे घालून स्टेजच्या पायरीशी उभा होता. कमिटीचा माणूस माइकवर सत्काराचं बोलायला उठला. ढोलकीवाल्यानं ताट उचललं, मामांच्या समोर आला, थांबला. मामांनी काठी तोंडातून काढली नव्हती. ते वर बघत होते. मग ढोलकीवाला वळला, हार उचलला आणि माझ्या स्पीकरच्या खोक्याला घातला. "चला, दुसरा भाग," तो म्हणाला. पेटीमास्तर समजूतदार होता, त्यानं कोरसात उभं राहून टाळ्या दिल्या.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही सामान घेऊन कर्जतच्या शटलसाठी स्टेशनकडे निघालो. मी गिटार घेतली होती, मामांनी काठी. मी वाट बघत होतो की ते काहीतरी बोलतील. आपल्याला शाबासकी मिळावी असं मला फार वाटत होतं. फाटकापाशी आल्यावर ते बोलले.

"तिसऱ्या गान्यात, दुसऱ्या अंतऱ्याला, तू येक पडदा खाली घसरलास."

मी घसरलो होतो. करंगळीचा फोड फुटला होता आणि बोट निसटलं होतं, निमिषभर. गायिकेला कळलं नव्हतं, पब्लिकला कळलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच उभा राहिलो.

"मला नाय बा आयकू आलं," मागून ढोलकीवाला म्हणाला.

"काय म्हनतो त्यो?" मामांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "त्याला नाय आयकू आलं म्हणतो!"

मामांनी वळून ढोलकीवाल्याकडे नीट बघितलं, काठी पुसून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आसं? मंग फुडच्या जयंतीला त्याला हार घालू."